वडशातील तारखा
गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, नाटक ठरवायला आज गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला गेलो होतो. भाऊबीजेनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपणाऱ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामाची लगबग तिथे आत्ताच दिसू लागली असून, नाटक कंपन्यांच्या कार्यालयांवर नव्या नाटकांचे रंगीत फलक झळकत आहेत. आम्हांला हवी असलेली तारीख दुसऱ्या गावाने आधीच घेतली होती. मंडईचा दिवस हलवण्यापेक्षा नाटकच बदलावे, असे शेवटी ठरले. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून आमचे शहरी पाहुणेही या नाटकांविषयी विचारतात, पण पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग थंडीत घोंगडी पांघरून पाहण्याची तयारी फार थोड्यांची असते. ऑर्गन-तबल्याची साथ असलेलेच नाटक आणायचे, हा आईचा निरोप तेवढा पाळला.