जोड्या लावा

शाळेत विज्ञानाच्या पेपरात ‘जोड्या लावा’ हमखास असायचं. अ – रातांधळेपणा, ब – बेरीबेरी, क – स्कर्व्ही, ड – मुडदूस. चारपैकी चार मार्क. स्कर्व्ही म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा रोग, एवढंच डोक्यात राहिलं. साताऱ्यात, मागच्या दारी लिंबाचं झाड असलेल्या माझ्या वडिलांना तो होईल, हे कुठल्या जोडीत बसत नव्हतं.

दिवाळीत गेले तर आप्पांच्या पोटऱ्यांवर जांभळे डाग. ‘कुठे आपटलात?’ ‘कुठे नाही गं. पाय भरून येतात, वय झालं.’ चूळ भरली की बेसिन गुलाबी. दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून गुळण्यांचं औषध दिलं होतं. प्लेटलेट तपासल्या, त्या ठीक. मी नको नको ते गुगल करून बसले होते.

मग एक वयस्क फिजिशियन भेटले. त्यांनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, ‘काल सकाळपासून काय काय खाल्लंत?’ चहा-बिस्किट. दूध-पोळी कुस्करून. दुपारी मऊ भात, वरण. रात्री पुन्हा दूध-पोळी. भाजी? चावत नाही. फळं? आंबट सोडलंय, पित्त होतं. कधीपासून? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं.

डॉक्टरांनी पायजमा वर करायला लावला आणि भिंग घेतलं. मलाही दाखवलं. नडगीवरचे केस बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे वळलेले, आणि प्रत्येकाच्या मुळाशी लाल ठिपका. दीड वर्षाचं जेवण तिथे लिहिलेलं होतं.

त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या धरून ठेवणारं कोलॅजेन तीन पदरी दोरासारखं असतं. क जीवनसत्त्व नसेल तर त्याला नीट पीळच बसत नाही. मग बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, हिरड्या सुजतात, जखमा भरत नाहीत. गाय-कुत्री हे जीवनसत्त्व अंगातच बनवतात, माणसाला ते जमत नाही. आपला साठा दीड ग्रॅमच्या आसपास. खाण्यातून भर पडली नाही तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात.

रक्त लॅबला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार दिवसांत आप्पा अंगणात फेऱ्या मारायला लागले. दोन आठवड्यांत बेसिन स्वच्छ. डाग पिवळे पडत पडत गेले.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या (पुन्हा जोड्याच!). एका जोडीला संत्री-लिंबू, एकीला व्हिनेगर, एकीला चक्क समुद्राचं पाणी. संत्री-लिंबूवाले झपाट्याने सुधारले. व्हिनेगरवाले, इतकं आंबट पिऊनही, नाही. मुद्दा आंबटाचा नव्हताच. हे आप्पांना सांगितलं, कारण त्यांचं भांडण आंबटाशी. पेरूत तर वजनाला वजन लिंबाच्या चौपट क असतं, आणि तो गोड. दातांचा प्रश्न किसणीने सुटला, बिया तेवढ्या काढायच्या. वरणावर लिंबू मात्र ताटात पिळायचं, उकळत्या पातेल्यात नाही. उष्णतेने क जातं. पित्ताचं म्हणाल तर अजून तरी तक्रार नाही.

परवा फोनवर सांगत होते, शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, ‘आप्पा, यंदा लिंबं कमी लागलीत का हो?’