शाळेची खरेदी : वहीला कर नाही, पण किट घेतलं तर १८ टक्के

अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑगस्टमध्ये शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस शंभर डॉलरच्या आतले कपडे, बूट, दप्तरं यांवरचा विक्रीकर माफ असतो. आपल्याकडे असे माफीचे दिवस नाहीत. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, आलेखवही, प्रॅक्टिकलची जर्नल, पेन्सिल, खडू, खोडरबर, शार्पनर, नकाशे यांवरचा जीएसटी शून्य आहे, आणि तो बाराही महिने. छापील पुस्तकांवर तर आधीपासूनच नाही.

बाकीचं असं आहे. कंपासपेटी, छत्री, स्टीलचा डबा ५ टक्के. अडीच हजारांपर्यंतचे कपडे आणि बूटही ५ टक्के. बॉलपेन, स्केचपेन, फाइल, फोल्डर आणि नेहमीचं दप्तर १८ टक्के. लहान मुलाला रंगवायलाच हवं असेल तर स्केचपेनऐवजी क्रेयॉन घ्या. कर वाचतो, आणि शर्टही.

आता किटकडे येऊ. सांगलीत हरभट रोडला जा नाहीतर मारुती चौकात, जूनच्या तोंडावर ‘इयत्ता पाचवी पूर्ण संच’ अशी पिशवी हमखास पुढे केली जाते. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, की जीएसटीच्या भाषेत तो मिश्र पुरवठा होतो आणि संचातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर पूर्ण पिशवीला लागतो. समजा करापूर्वीची किंमत अशी : वह्या ७०० रुपये, पेन्सिल-रबर-शार्पनर १००, कंपासपेटी १२०, पेनं ८०. एकूण १,०००. संच म्हणून बिल झालं तर पेनांमुळे सगळ्यावर १८ टक्के, म्हणजे १८० रुपये कर. त्याच वस्तू बिलावर वेगवेगळ्या ओळींत आल्या तर कंपासपेटीचे ६ रुपये आणि पेनांचे १४ रुपये ४० पैसे, एवढंच. ऐंशी रुपयांच्या पेनांपायी १६० रुपये जास्त! म्हणून पिशवी सोडायला सांगा आणि एकेक वस्तूचं बिल मागा. दुकानदार कुरकुरला तर पेनं तेवढी बाजूला काढा.

वहीची किंमत पानाला किती पडते ते बघायचं. ६० रुपयांची २०० पानी वही पानाला ३० पैसे पडते. ४५ रुपयांची १४० पानी ३२ पैसे. कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा, कारण पानांच्या आकड्यात अनुक्रमणिका आणि छापील मजकुराची पानं धरलेली असतात. कागद फार पातळ असेल तर जेल पेनची शाई पलीकडे उमटते, मुलं एकाच बाजूला लिहितात आणि स्वस्त वही दुप्पट महाग पडते. डझनाचा भाव घ्या, पण पहिल्या खेपेला यादीच्या निम्म्याच वह्या आणा. शाळा सुरू झाल्यावर शिक्षक एकरेघीची दुरेघी आणि लहानाची लाँगबुक करतात, हे ठरलेलंच.

बुटांचं गणित थोडं वेगळं. अडीच हजारांची मर्यादा छापील किमतीवर नसून करापूर्वीच्या प्रत्यक्ष विक्री किमतीवर आहे. एमआरपी २,९९९ असलेल्या स्पोर्ट्स शूजमध्ये १८ टक्के कर धरलेला असतो. मूळ किंमत साधारण २,५४१. दुकानात १० टक्के सूट असेल तर मूळ किंमत २,२८७ वर येते, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि कर ५ टक्के लागायला हवा. बिल २,४०२ च्या आसपास व्हायला पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये जुनाच दर भरलेला असला तर २,६९९ निघतं. जवळजवळ तीनशे रुपयांचा फरक आहे, तेव्हा बिलावरचा दराचा रकाना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कोणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. जीएसटी नंबर नसलेल्या दुकानदाराला कर लावताच येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतःच भरणाऱ्या छोट्या दुकानदारालाही नाही. त्याच्या बिलावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असं लिहिलेलं असतं. नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकान कोणत्या प्रकारात नोंदलंय ते फुकट दिसतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि पुस्तकं घ्यायला निघण्याआधी शाळेत विचारा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफही आहेत, तेव्हा घरी दुसरी प्रत विकत आणायचं कारण नाही. शेजारच्या मुलाची जुनी पुस्तकं घेणार असाल तर आवृत्तीचं वर्ष तपासा. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदललाय, पुढच्या इयत्तांचेही टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत.