गारवा खाली साचतो, पेटी वर ठेवा

डिसेंबर-जानेवारीत पेपरला बातमी ठरलेली: महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठले. त्याच पहाटे वर बाजारपेठेत मात्र हिमकणाचा पत्ता नसतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण जितकं उंच तितकं गार, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. ते खोटं नाही. हजार मीटर चढलं की सरासरी ६.५ अंश उतरतात. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की उतारावरची हवा रात्री गार होऊन जड होते, घरंगळत खाली येते आणि खोलगटात साचून राहते.

मी सातेरी जातीच्या देशी मधमाश्या पाळतो. मधपेटी कुठे मांडायची हे मी या साचणाऱ्या गारव्यावरून ठरवतो.

एकटी माशी थंडीपुढे हतबल असते, वसाहत नसते. पिलांच्या चौकटींवर माश्या दाटीवाटीने बसतात आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून ३५ अंशांच्या आसपास ऊब राखतात. झाकण काढून चौकटींवर तळहात धरला की ती ऊब स्पष्ट लागते. त्यासाठी पोटातला मध खर्ची पडतो, आणि ओढ्याकाठच्या पेटीत तो जास्तच पडतो. शिवाय हवा दहा-बारा अंशांपर्यंत तापल्याशिवाय माश्या चाऱ्याला फारशा निघत नाहीत. पूर्वेच्या उतारावरच्या पेटीपुढे येजा सुरू झालेली असते, तेव्हा खालच्या पेटीच्या दारात अजून सामसूम. व्हायटी हे कारवीसारखं, काही वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप. ते फुललेल्या हिवाळ्यात तेवढी सकाळ वाया जाणं फार जिवाला लागतं.

उन्हाळ्यात हिशेब फिरतो. घाटाखालच्या उष्ण गावांत मेणकिडा झपाट्याने वाढतो आणि कमजोर वसाहतीची पोळी पोखरून टाकतो. वरच्या गारव्यात त्याच्या अळीची वाढ मंदावते.

२०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तेव्हापासून बरीच तरुण मंडळी पेट्यांबद्दल विचारतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मोबाईलवर दिसणारा महाबळेश्वरचा एक आकडा धरून पेटी मांडू नका. साधा थर्मामीटर घ्या, पेटीच्या उंचीवर टांगा आणि सूर्य उगवायच्या आधी आकडा बघा, आधी ओढ्याजवळचा, मग बांधावरचा. घराच्या भिंतीवर टांगू नका. भिंत रात्रभर दिवसाची ऊब सोडत असते.