पाटीवरचं २ए८

हिंगणघाटच्या पुढे, वडनेरच्या अलीकडे, हायवेला लागून एका ताईंचं शेत आहे. तिथे विमानाचा ढाबा काढायचा म्हणून त्यांनी भंगारात निघालेल्या विमानाचा सांगाडा घेतला. कर्जाआधी मूल्यांकन करायला बँकेने मला पाठवलं. माझं रोजचं काम ट्रॅक्टर, थ्रेशर, जिनिंगच्या मशिनी. पण त्याआधीची सगळी नोकरी विमानाच्या हँगरमध्ये झाली.

ट्रेलरवरून तीन तुकड्यांत आलेलं विमान कपाशीच्या धुऱ्याला उतरवलेलं होतं. विकणाऱ्याचा कागद म्हणत होता: बोइंग ७३७-८००, जेट एअरवेज, २००१.

मी आधी पंखांवरची आपत्कालीन दारं मोजली. ८००ला प्रत्येक बाजूला दोन असतात. इथे एकच होतं. मग टेप लावला. ८०० नाकापासून शेपटीपर्यंत साडेएकोणचाळीस मीटर भरतं. तिन्ही तुकडे मिळून तिसाच्या आसपासच होते. नऊ मीटर कमी, म्हणजे खुर्च्यांच्या दहा-अकरा ओळी गेल्या. ताईंनी टेबलांचा हिशोब त्याच कागदावरून मांडलेला.

पण ८०० नाही एवढ्यावर रिपोर्ट होत नाही. ३०० आणि ५००लाही पंखावर बाजूला एकच दार असतं. म्हणून विमानाचं मॉडेल कोरलेली पाटी शोधली. मागच्या दाराजवळ रंगाच्या थरांखाली दबलेली सापडली. थिनरने पुसली तसं अक्षर वर आलं: ७३७-२ए८.

बोइंगची रीत अशी. पहिला २ म्हणजे २०० मालिका. शेवटच्या दोन शून्यांच्या जागी ज्याने विमान बोइंगकडून नवं घेतलं त्याचा कोड बसतो. ए८ म्हणजे इंडियन एअरलाइन्स. एअर इंडियाचा ३७, म्हणून त्यांची जंबो ७४७-२३७ आणि ७४७-४३७, आणि पुढे ७७७-३३७. पॅन ॲमचा २१. जेटचा ५आर, त्यांचं खरं ८०० असतं तर पाटीवर ७३७-८५आर आलं असतं. एअरबसचं गणित वेगळं: ए३२०-२३१च्या २३१मधला ३ इंजिन बनवणाऱ्याचा असतो, गिऱ्हाइकाचा पत्ताच नाही. मला बोइंगचीच रीत आवडते. विमान कुठून निघालं ते ती सांगते.

"मंग हे जेटचं नाही काय, भाऊ?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई. इंडियन एअरलाइन्सने नवं घेतलेलं."

"पन मधात जेटनं घेतलं असन तं?"

सातबाऱ्यावर फेरफार होतो, नाव बदलतं. या कोडाला फेरफार नाही. दहा मालक झाले तरी ए८ तसाच राहतो. त्यामुळे मधल्या मालकांबद्दल पाटी काहीच सांगत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. मात्र २०० बनवणं बोइंगने १९८८ मध्येच थांबवलं. २००१चं २०० जगात नाही.

ताईंनी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, पाटी दुसऱ्या विमानाची लागली असेल. मला राग आला. ती पाटी आगीत टिकेल अशा धातूची असते आणि कायद्याने लावलेली असते. ज्याने आयुष्यात विमान उघडून पाहिलं नाही तोच असं बोलू शकतो. मी फोन घेतला आणि त्याला दारं आणि मीटर सांगितले. त्यावर तो भाव कमी करायला लागला. ताईंनी तेवढ्यात घासाघीस करून बरीच रक्कम सोडवली. बाईचं डोकं पक्कं आहे.

अडलं ते बँकेत. फॉर्म ट्रॅक्टरसाठी बनवलेला. मॉडेलच्या रकान्यात फक्त आकडे चालतात, म्हणून ऑपरेटरने ७३७२८ टाकलं. म्हणजे विमानाची ओळख होती तेच अक्षर गेलं. मी तक्रार केली तर मॅनेजर म्हणाले, ढाब्याला काय फरक पडतो? फरक पडतो. उद्या ताईंनी हा सांगाडा विकायला काढला की पुढचा माणूस बँकेचाच कागद खरा मानेल.

बोइंगनेही आता कोड सोडलाय. ७८७वर तो नाहीच, आणि ७३७च्या नव्या मॅक्स पिढीतल्या विमानाच्या पाटीवर नुसतं ७३७-८ असतं. ७३७-८ आणि ७३७-८०० ही दोन वेगळी विमानं, हे विकणाऱ्यांच्या कागदांवर कोण सांभाळणार?

पाटीचा फोटो जोडून मी दुरुस्तीचं पत्र दिलंय. फोटो फाइलला लागला, रकान्यात अजून ७३७२८च आहे.