तुमचंच पानी हाये, भाऊ

नागपूरहून कुही, मांढळ, वेलतूर करत आंभोऱ्याला पोहोचलो तेव्हा एप्रिलच्या उन्हानं डोकं उठलं होतं. नवा पूल पाहिला, टेकडीवर चैतन्येश्वराचं दर्शन घेतलं. दोन्ही छान आहेत, त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला वैनगंगेत पाय सोडून बसायचं होतं. ऑगस्टमध्ये आलो तेव्हा ती चहाच्या रंगाची होती, अंगावर धावून येत होती, पण वास नव्हता. यंदा डोंग्यात बसण्याआधीच नाकाला रुमाल लावला. पाण्यावर हिरवट साय, आणि काठाला जलपर्णी इतकी दाट की तिच्यावरून बगळा खुशाल चालत होता. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी असा पाच नद्यांचा हा संगम. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आता कुठली कोणती, काही कळत नाही.

"पाय नका टाकू, खाज सुटते," वल्हं मारणारे ढिवर काका म्हणाले. माझं भाषण सुरू झालं : सरकार, कारखाने, लोकांची बेपर्वाई. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"कोठचे तुम्ही?"

"नागपूरचा."

"मंग तुमचंच पानी हाये, भाऊ."

रागानं नाही, गावाचं नाव सांगावं तसं म्हणाले. मला पुढे बोलता येईना. आमच्या नळाला पेंचचं आणि कन्हानचं पाणी येतं. वापरलेलं नाग नदीत जातं, नाग पुढे कन्हानलाच मिळते आणि कन्हान इथे येते. पावसाळ्यात पुराच्या लोंढ्यात हे लपून जातं. उन्हाळ्यात कन्हानची धार रोडावते, नाग मात्र आटत नाही, कारण आम्ही बारा महिने आंघोळी करतो. त्यात पुढे धरण, म्हणजे आलेली घाण जाणार कुठे? ती जलपर्णीला खत होते. जाळ्यात मासे कमी आणि 'इकॉर्निया'च, म्हणजे ही जलपर्णीच, जास्त येतो, असं काका म्हणाले.

उतरताना माझा पाय घसरला आणि पोटरीपर्यंत चिखलात गेला. काकूंनी पाय धुवायला तांब्या दिला, मग चहा. "कॅनच्या पान्याचा हाये, घ्या बिनधास्त." ऐन नदीकाठचं घर, आणि पाणी विकतचं. डोंग्याचे ठरलेलेच पैसे घेतले, चहाचे घेईनात.

रात्री घरी पोटऱ्या खाजायला लागल्या. दोन बादल्या पाणी घेऊन रगडून आंघोळ केली. साबण जरा जास्तच लावला.