जरा लाजा ना, ताई!

आज मामेबहिणीचा साखरपुडा. जेवणं खोळंबली तरी फोटोग्राफरचं समाधान होईना. "ताई, मान तिरकी... नजर खाली... जरा लाजा ना!" आता ही स्ट्रक्चरल इंजिनिअर, रोज साइटवर कंत्राटदारांना घाम फोडते. लाजायला गेली तर दाढ दुखत असल्यासारखी दिसली.

नवरदेवाला वेगळीच तंबी. "दादा, एक हात खिशात, छाती पुढे, जास्त हसू नका." तो बिचारा मुळातच हसरा. त्यात आमची बहीण त्याच्याहून दोन बोटं उंच! लगेच कुणीतरी पाट आणला. दादा पाटावर, ताई चपला काढून जमिनीवर. पाट डगमगला, दोघं खदाखदा हसली, आणि आत्येभावाने मोबाइलवर टिपलेला तेवढाच एक फोटो खरा वाटतोय. (तो अल्बममध्ये जाणार नाही, लिहून घ्या.)

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात जाहिरातींमधले फोटो पाहून हेच दाखवलं होतं. बाईची मान कललेली, गुडघा किंचित वाकलेला, बोटं वस्तूला नुसती शिवलेली. पुरुष उंच, वस्तू घट्ट पकडून. आमच्या फोटोग्राफरने त्याचं काही वाचलेलं नसणार, पण सगळं तोंडपाठ!

घरी आल्यावर आजीचा स्टुडिओतला जुना फोटो काढला. आजोबा खुर्चीत, शेजारी नऊवारीतली आजी उभी, थेट कॅमेऱ्यात बघणारी.

"तुला नाही का गं लाजायला सांगितलं?"

"छे! हलू नका, एवढंच म्हणाला. पण खुर्ची एकच होती."