तुम्ही विचारलंत म्हणून: ती काळी काच कशाला लावतेस?

समुद्राचा फोटो टाकला की दोन प्रश्न ठरलेले. पाणी असं धुरासारखं कसं, आणि हल्ली हे फोनमध्ये होतं तर लेन्सवर ती काळी काच कशाला. तर एकदाच सांगते. ती काच म्हणजे एनडी फिल्टर, तो प्रकाश अडवतो म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, माझा दहा स्टॉपचा आहे म्हणजे जेमतेम हजारातला एक भाग आत येतो, १/८ सेकंदात होणाऱ्या फोटोला दोन मिनिटं लागतात. फोन भराभर फोटो काढून एकावर एक रचतो, बरं काढतो, नाही कुठे म्हणतेय. पण ‘फोटोशॉप केलंय’ म्हणालात की माझं डोकं फिरतं. लाटा खरंच आल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या!

असं मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगायचे. मग तारकर्लीला एका सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही दोरांवर माणसं, ओढत ओढत मागे जायची, टोकाला पोचली की दोर सोडून परत पाण्याकडे. मी ट्रायपॉड रोवला, आधी फोकस करून घेतला (फिल्टर लावल्यावर काय दिसतंय डोंबल), काच चढवली, १२८ सेकंद. एक काका हात पुसत शेजारी येऊन उभे राहिले, आणि माझं नॉइज रिडक्शन चालू, म्हणजे फोटोतले नको ते ठिपके काढायला कॅमेरा अजून तेवढाच वेळ काळा फोटो घेत बसतो. स्क्रीन काळी, काका तसेच उभे, हातावर दोराचे लाल वळ. शेवटी फोटो आला. पाणी रेशमी, आकाश मस्त, माणसांच्या जागी राखाडी पुसट डाग. वाळूत झोपलेला कुत्रा मात्र एकदम शार्प.

‘‘कुत्रो दिसता. आमी खंय?’’

मी हसले. ते हसले नाहीत, परत दोराकडे गेले.

हलणारं पुसलं जातं, हे मला काय माहीत नव्हतं? बीचवरचे टुरिस्ट घालवायला हीच ट्रिक वापरते की मी, आणि कौतुकाने शिकवतेसुद्धा. पण टुरिस्ट वेगळे, असं स्वतःला सांगून बघितलं. वेगळे का, ते काही सांगता येईना.

मग फिल्टर काढला, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला, १/२५० सेकंदात सगळे नीट आले, काकांचे ताणलेले दंडसुद्धा. तो फोटो त्यांना पाठवला, घरी सगळ्यांना आवडला म्हणे. मला नाही आवडत. पाणी नुसतंच खळबळलेलं दिसतं. कुत्र्याचा अजून डिलीट केलेला नाही.